खोताची वाडी बघायला जाताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं माहेर गिरगावातलं. जन्मापासून लग्नापर्यंत ठाकूरद्वारच्या एका चाळीत राहिले, आता बोरिवलीला असते. पण दर महिन्या-दोन महिन्यांनी कोणाला ना कोणाला खोताची वाडी दाखवायला घेऊन जाते, कधी ऑफिसमधल्या मुली, कधी पुण्याची नणंद आणि तिची पोरं, कधी मुलीच्या शाळेतल्या मैत्रिणींच्या आया. प्रत्येक वेळी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून म्हटलं एकदाच सगळं सविस्तर लिहून काढू.

तिथे नक्की आहे काय? तिकीट किती?

तिकीट नाही, गेट नाही, कारण ते म्युझियम नाहीये, ती वस्ती आहे. गिरगावात जगन्नाथ शंकरशेट रस्त्याला लागून एक अरुंद गल्ली आत जाते, पुढे तिला फाटे फुटतात, आणि दोन्ही बाजूंना जुनी लाकडी सांगाड्याची घरं आहेत. उतरती मंगलोरी कौलं, पुढे व्हरांडा, बाहेरून वर जाणारा जिना, कोरीव लाकडी कठडे, आणि रंग म्हणाल तर निळा, पिवळा, लालसर, हिरवा. अठराव्या शतकाच्या शेवटी इथली जमीन पाठारे प्रभू समाजातल्या एका खोताची होती, त्याने ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई-वसई पट्ट्यातल्या मूळच्या ख्रिस्ती कुटुंबांना प्लॉट विकले, म्हणून नाव खोताची वाडी. एकेकाळी साठ-पासष्ट घरं होती असं सांगतात, आता त्यातली निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. म्हणून मी लोकांना म्हणते की पुढच्या वर्षी बघू असं नका करू, याच महिन्यात या.

घरात आत जाता येतं का?

नाही. म्हणजे कोणी स्वतःहून बोलावलं तर जा, पण आपण होऊन बेल वाजवायची नाही, जिना चढायचा नाही, खिडकीतून डोकवायचं नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि माझं उत्तर ऐकून थोडी निराशा होते हे मला कळतं, पण जरा विचार करा, रविवारी दुपारी तुम्ही जेवून लुंगीवर आडवे झालाय आणि पाच अनोळखी माणसं तुमच्या दारात उभी राहून तुमच्या छताबद्दल बोलतायत, कसं वाटेल?

गल्लीतूनही भरपूर दिसतं हो. हीच या घरांची गंमत आहे की त्यांचं तोंड गल्लीकडे आहे, ओसरी उघडी आहे, जिना बाहेर आहे. फ्लॅटसारखं एक दार बंद केलं की विषय संपला असं नाही. संध्याकाळी चार-पाचच्या सुमाराला आजी-आजोबा ओसरीत बसलेले असतात, आपण हसून नमस्कार केला, दोन शब्द नीट बोललो की बहुतेक वेळा तेच बोलायला लागतात. एकदा एका आज्जींनी मला आणि माझ्या लेकीला ओसरीत बसवलं, पाणी दिलं, आणि मग आत जाऊन एक बाटली घेऊन आल्या, फिकट लालसर पूड भरलेली. बाटली मसाला! उन्हाळ्यात पंचवीस-तीस जिन्नस भाजून, कुटून काळ्या किंवा तपकिरी बाटलीत गच्च दाबून भरतात, उजेड लागू नये म्हणून काच गडद. बूच उघडल्यावर जो वास आला ना, माझी लेक अजून त्या घराला मसाल्याचं घर म्हणते. हे तिकीट काढून मिळालं असतं का?

कसं जायचं?

वेस्टर्न लाइनने चर्नी रोड, पूर्वेला बाहेर पडायचं आणि गिरगाव चर्च विचारायचं, कोणीही सांगेल. सात-आठ मिनिटं चालणं आहे. चर्चच्या जवळच वाडी. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ पूर्ण सुरू झाल्यामुळे गिरगाव स्टेशनलाही उतरता येतं, विमानतळाकडून किंवा बीकेसीकडून येणाऱ्यांना ते फारच सोयीचं. सेंट्रलवाल्यांनी दादरला बदलून वेस्टर्न पकडावी. गाडी आणू नका, आणू नका, आणू नका. पार्किंग नाही, आणि वाडीत कार घालणं म्हणजे समोरून येणाऱ्या माणसाला भिंतीला चिकटवणं.

सिमेंटचं प्लास्टर तर दिसतंय, मग याला लाकडी घर का म्हणायचं?

फार चांगला प्रश्न, आणि याचं उत्तर कळलं की तुम्हाला घर वेगळंच दिसायला लागतं. इंग्लंडमधल्या जुन्या लाकडी घरांचे फोटो बघितले असतील, पांढऱ्या भिंतीवर काळे लाकडी पट्टे, तिथे सांगाडा बाहेरून दिसतो. आपल्याकडे सांगाडा बऱ्याचदा चुन्याच्या गिलाव्याखाली झाकलेला असतो. पण वजन कोण पेलतंय ते बघायचं. जुन्या बांधकामात खाली दगडी जोतं, त्यावर दगडाचा तळखडा, तळखड्यावर सागाचा खांब, खांबावर तुळई, म्हणजे जाड आडवं लाकूड, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर पाट, म्हणजे फळ्या, यालाच कडीपाट म्हणतात, म्हणजे खालच्याचं छत तीच वरच्याची जमीन. त्याच्या वर वासे, म्हणजे छपराची उतरती लाकडं, त्यांवर रीपा, म्हणजे आडव्या पट्ट्या, आणि शेवटी कौलं. भिंत फक्त मधली जागा भरते, विटांनी किंवा जे मिळेल त्याने. म्हणून एखाद्या जुन्या घरात भिंतीला मोठी चीर दिसली तरी घर उभं असतं, आणि उलट भिंत अगदी ताजी रंगवलेली असते पण आत खांबाचं टोक कुजलेलं असतं, ते घर खरं धोक्यात.

जोडही बघा. व्हरांड्याचा खांब आणि वरची तुळई जिथे भेटतात तिथे नजर टाका, एका लाकडाला खाच पाडून दुसऱ्याचं टोक त्यात बसवलेलं असतं आणि आडवी लाकडी खुंटी ठोकलेली असते. मुंबईच्या दमट हवेत लाकूड पावसात फुगतं, मे महिन्यात आकसतं, आणि असा जोड ती हालचाल सोसतो. खिळा खारट हवेने गंजला की आजूबाजूचं लाकूडही खातो.

तळखडा कशाला? तर लाकडाचं तोंड मातीला लागू नये म्हणून. खालून ओल चढली की वाळवी आलीच. हे ज्या सुताराने पहिल्यांदा शोधलं त्याला माझा साष्टांग नमस्कार.

हे पोर्तुगीज बंगले आहेत ना? गोव्यातल्या लोकांचे?

नाही, आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मराठी माणसांकडून हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं.

मुंबई बेटं पोर्तुगीजांकडून इंग्रजांकडे जायचं ठरलं १६६१ च्या लग्नाच्या करारात, पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स. वसई चिमाजी अप्पांनी घेतली १७३९ ला. आणि ही वाडी वसली त्यानंतर, अठराव्या शतकाच्या शेवटी. म्हणजे ही घरं बांधली गेली तेव्हा मुंबईत पोर्तुगीज राज्य संपून शंभरावर वर्षं झाली होती. शैलीत पोर्तुगीज वळण आहे हे खरं, ओसरी, बाहेरचा जिना, खिडक्यांच्या कमानी, गोव्यात आणि वसईतही तसंच दिसतं. पण घरं बांधणारी आणि राहणारी माणसं इथलीच. मुंबई, साष्टी, वसई, ठाणे या पट्ट्यातले मूळचे शेतकरी, कोळी, कारागीर, ज्यांचे पूर्वज पोर्तुगीज काळात ख्रिस्ती झाले. मग ईस्ट इंडियन नाव कुठून आलं? १८८७ साली राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली, त्या वर्षी त्यांनी आपली असोसिएशन काढली आणि हे नाव घेतलं, गोवा-मंगलोरकडून नोकरीला येणाऱ्या ख्रिस्ती लोकांपेक्षा आपण वेगळे, इथले भूमिपुत्र, हे कळावं म्हणून.

आणि त्यांची घरातली जुनी बोली मराठीच आहे! जुन्या बायका लुगडं नेसायच्या, लग्नात मराठी गाणी म्हणायच्या. वाडीत तुम्ही मराठीत बोललात तर समोरून मराठीत उत्तर येतं, कधी कधी आपल्यापेक्षा जुनं आणि गोड मराठी. म्हणून कृपा करून हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये सुरुवात करू नका. पहिलं वाक्य मराठीत टाका आणि बघा.

गार्डन कुठे आहे? फोटोत तर खूप झाडं दिसतात.

एका ठिकाणी नाही, दारोदारी आहे. फोटोत बघून लोकांना वाटतं मागे मोठी बाग असेल, लॉन असेल. गिरगावात लॉन कुठून येणार? पण प्रत्येक घरापुढे दोन-चार हात अंगण आहे, नाहीतर जिन्याच्या पायऱ्या आहेत, आणि त्या प्रत्येक पायरीवर कुंडी. क्रोटन, फर्न, मनीप्लांट, तेलाच्या जुन्या डब्यात लावलेली जास्वंद, कठड्यावरून खाली आलेली बोगनवेल, कुठे पपई भिंतीला टेकून उभी, कुठे केळ, कुठे शेवगा. या बागांना माळी नाही, सकाळी तांदूळ धुतलेलं पाणी घालणारी बाई आहे.

आणि या झाडांचं काम फक्त शोभेचं नाहीये. गल्ली अरुंद, घरं दोन मजली, मध्ये झाडांची सावली, त्यामुळे मे महिन्यात दुपारी शंकरशेट रस्त्यावरून वाडीत शिरलात की दहा पावलांत हवा बदललेली जाणवते. उंच छत, कौलांच्या फटीतून वर निघून जाणारी गरम हवा, खिडक्यांची पट्ट्यांची झडपं, ओसरीची सावली, अंगणातलं झाड, हे सगळं मिळून घर गार राहतं. नणंदेच्या मुलाने विचारलं होतं की एसी नव्हता तेव्हा लोक कसे राहायचे, मी त्याला तिथेच उभं केलं आणि म्हटलं डोळे मीट आणि सांग. म्हणाला मामी, वारा येतोय.

एक सांगायचं राहिलं, फुलं तोडू नका. पूजेसाठीसुद्धा नाही.

मोठी, खरी बाग बघायची असेल तर?

मग त्याच दिवशी भायखळ्याला राणीबागेत जा, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. बुधवारी बंद असते, लक्षात ठेवा. १८६० च्या दशकातली बाग, पन्नास एकरांच्या वर, आणि लोक पेंग्विन बघून परत येतात, झाडांकडे कोणी बघतच नाही! गोरखचिंचेचं खोड बघा, चार माणसांनी हात धरले तरी कमी पडतील. कैलासपतीची फुलं थेट खोडाला लागलेली असतात, फांद्यांना नाही, वास घेऊन बघा. आणि फेब्रुवारी-मार्चच्या आसपास गेलात तर उर्वशीचं झाड विचारा, ब्रह्मदेशातलं झाड, लाल फुलांचे लोंबते घोस, झुंबरासारखे. बागेतच भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत आहे, १८७२ ची, आणि बाहेर तो दगडी हत्ती, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा म्हटलं.

लाकूड इतकी वर्षं टिकतं कसं?

साग असेल तर टिकतो. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे वाळवी सहजासहजी लागत नाही आणि पाणीही लवकर मुरत नाही. मुंबईला हे फार आधीपासून माहीत होतं. इथल्या गोदीत वाडिया कुटुंबाने मलबारच्या सागाची जहाजं बांधली, त्यातलं त्रिंकोमाली नावाचं १८१७ सालचं जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतंय. दोनशे वर्षांवर झाली! मग नीट ठेवलेलं घर का नाही टिकणार? पुढे ब्रह्मदेश इंग्रजांकडे गेल्यावर बर्मा टीक यायला लागलं, आमच्या चाळीचे जिने त्याचे होते असं आजोबा अभिमानाने सांगायचे.

पण नीट ठेवलेलं हा शब्द महत्त्वाचा. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एक कौल फुटलं, लक्ष दिलं नाही, तर त्या एका जागेतून पाणी वाशावर, वाशावरून भिंतीत, आणि भिंतीत घुसलेलं तुळईचं टोक सगळ्यात आधी कुजतं कारण तिथे वारा लागत नाही. म्हणून दरवर्षी मे महिन्यात आगोटीची, म्हणजे पावसाआधीची कामं, त्यात पहिलं काम कौलं चाळायचं, म्हणजे काढून, फुटकी बदलून परत नीट लावायचं.

आमच्या चाळीत याच्या उलट झालं. रिपेअरचा कॉन्ट्रॅक्टर आला, चुन्याचा जुना गिलावा खरवडून त्याने जाड सिमेंट मारलं, वर चकचकीत रंग. सगळे खूश. चुना श्वास घेतो, आत गेलेली ओल बाहेर सोडतो, सिमेंट सोडत नाही. तीन-चार पावसाळ्यांत आतल्या खांबांची टोकं भुसभुशीत झाली, आमच्या खोलीच्या कोपऱ्यात बोट घातलं तर लाकूड भिजलेल्या पावासारखं निघायचं. मग टेकू आले. मग नोटीस आली. आई शेवटच्या दिवशी जिन्याचा कठडा हाताने पुसत होती, मी विचारलं काय करतेस, म्हणाली धूळ बसलीय गं.

लाकडी घरं म्हणजे आगीची भीती नाही का?

आहे, आणि ती खरी आहे. १८०३ च्या फेब्रुवारीत फोर्टात मोठी आग लागली होती, दाटीवाटीची घरं भराभर पेटली, आणि त्यानंतर वस्ती किल्ल्याबाहेर पसरायला जोर आला, आपलं काळबादेवी-गिरगाव भरत गेलं त्याच्यामागे हेही एक कारण आहे. जाड सागाचा खांब बाहेरून जळून कोळसा होतो आणि तो कोळसा आतल्या लाकडाला थोडा वेळ वाचवतो, पण पातळ फळ्या, पडदे, जुनी वायरिंग, सिलिंडर, यांना वेळ लागत नाही. म्हणून वाडीत सिगरेट ओढू नका, थोटूक टाकू नका, आणि दिवाळीत आलात तर फटाके अजिबात नाहीत.

बेस्ट वेळ कुठली?

सकाळी साडेसात ते साडेनऊ, तेव्हा ऊन तिरकं असतं आणि कठड्यांची सावली भिंतीवर पडते, किंवा संध्याकाळी चार ते सहा. दुपारी एक ते चार नको, लोक झोपतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा छान. नाताळच्या आठवड्यात दारोदारी चांदण्या आणि येशूजन्माचा गोठा लावलेला असतो, सुंदरच दिसतं, पण गर्दीही तेव्हाच, म्हणून मी पहिल्यांदा जाणाऱ्यांना तेव्हा नेत नाही. पाडव्याला गिरगावात शोभायात्रा असते, त्या दिवशी नऊवारीतल्या बुलेटवाल्या बायका बघून मग शांत व्हायला वाडीत शिरलं की काय वाटतं ते स्वतः अनुभवा.

रविवारी सकाळी चर्चची वेळ असते, लोक कपडे करून निघालेले असतात, तेव्हा वाट अडवू नका.

फोटो काढले तर चालतं का? रील?

गल्लीचे, बाहेरून घरांचे फोटो, साधे मोबाइलवर, कोणी काही म्हणत नाही. माणसांचा फोटो विचारून. वाळत घातलेल्या कपड्यांचा, आतल्या खोलीचा, लहान मुलांचा नाही. प्री-वेडिंग, कपडे बदलणं, गाणी वाजवणं, ड्रोन, हे प्लीज नको. माझ्यासोबत आलेल्या एका ग्रुपमधली एक मुलगी माझं लक्ष नसताना कोणाच्या तरी जिन्यावर चढून नाचायला लागली, वरून एक काका बाहेर आले, ओरडले नाहीत, फक्त म्हणाले, बाळा, खालून तिसरी पायरी सैल आहे, जपून उतर. मला इतकी लाज वाटली की मी दुसऱ्या दिवशी परत जाऊन माफी मागितली. तेव्हापासून कोणालाही नेण्याआधी हे सांगते.

सासू-सासऱ्यांना घेऊन जाता येईल का? व्हीलचेअर?

जमीन बऱ्यापैकी सपाट आहे, पण मध्ये मध्ये गटाराची झाकणं, लाद्यांचे उंचवटे आणि उभ्या केलेल्या स्कूटर. काठी घेऊन सावकाश चालणाऱ्यांना जमतं, माझ्या सासऱ्यांना वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी नेलं होतं. व्हीलचेअर मुख्य गल्लीत जाते, आतल्या फाट्यांत अडकते. बाथरूमची सोय वाडीत नाही, स्टेशनवर किंवा हॉटेलात जाऊन या. बसायलाही बाक नाहीत, आणि दुसऱ्याच्या ओट्यावर विचारल्याशिवाय बसायचं नाही.

मुलं कंटाळतील का?

नुसतं चला बघा म्हटलं तर कंटाळतील. काम द्या. जिने मोजायला सांगा, किती बाहेरून आहेत किती आतून. कठड्यावरची नक्षी वहीत काढायला सांगा, प्रत्येक घराची वेगळी आहे. क्रूस कुठे दिसतो ते शोधायला सांगा. मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती वस्त्यांमध्ये असे क्रूस जागोजागी असतात, त्यातले बरेचसे १८९६ ला प्लेग आला त्या काळातले, साथ जाऊ दे म्हणून लोकांनी नवस बोलून उभारलेले. हे ऐकल्यावर माझी लेक म्हणाली, म्हणजे त्यांचापण लॉकडाऊन होता. मग तिने तिथे चप्पल काढून नमस्कार केला, कोणी सांगितलं नव्हतं.

आत शिरून बघता येईल असं एखादं जुनं घर जवळ आहे का?

आहे ना, मणिभवन. गावदेवीला, लॅबर्नम रोडवर, वाडीतून ऑपेरा हाउसवरून चालत वीस-पंचवीस मिनिटं. रेवाशंकर जगजीवन झवेरींचं घर, १९१७ ते १९३४ मध्ये गांधीजी मुंबईत आले की इथे उतरायचे. बाहेरून नक्षीच्या लाकडी गॅलऱ्या, आत जिना, खाली लायब्ररी, आणि दुसऱ्या मजल्यावर गांधीजींची खोली, पांढरी गादी आणि चरखे, तशीच ठेवलीय. ४ जानेवारी १९३२ ला पहाटे त्यांना या घराच्या गच्चीवरून अटक केली. जिना चढताना हात कठड्यावर ठेवा, किती हात त्याच्यावरून गेले असतील. ऑगस्ट क्रांती मैदानही तिथून जवळच आहे.

आणि चाळ बघायची असेल तर गिरगावातच केशवजी नाईक चाळी, १८९३ पासून सार्वजनिक गणपती बसतो तिथे. गणपतीच्या दिवसांत दर्शनाला जाता येतं आणि दर्शन घेता घेता लाकडी गॅलऱ्याही बघता येतात, कोणाला त्रास नाही.

खायला काय?

पणशीकरांकडे पियुष, विनय हेल्थ होममध्ये मिसळ. वाडीत पूर्वी अनंताश्रम होतं, माशांचं जेवण, माझे बाबा रविवारी लाइन लावायचे, ते बंद झालं त्याला बरीच वर्षं झाली, त्याचं दुःख अजून आहे. ईस्ट इंडियन जेवण हॉटेलात सहसा मिळत नाही, ते घरी किंवा ऑर्डरवर. नाताळच्या आसपास कोणी फुगे, म्हणजे त्यांचे गोल तळलेले पाव, विकत असेल तर सोडू नका.

ही घरं पाडतात ती सरकार थांबवत का नाही?

१९९५ पासून मुंबईत हेरिटेजचे नियम आहेत, हेरिटेज कमिटीही आहे. नियमामुळे पाडापाडी थोडी लांबते, पण नियम कौलं चाळायला माणूस पाठवत नाही ना. घराची मालकी पाच भावंडांत वाटलेली, दोन कॅनडात, एक वसईला, इथे राहणाऱ्या एकट्या बहिणीच्या पेन्शनमध्ये सागाची एक तुळई बदलणं बसत नाही. जुनं काम जाणणारा सुतार मिळत नाही. आणि बाजूला टॉवर उभा राहिला की विहिरीचं पाणी, वारा, ऊन, सगळं बदलतं, वर बिल्डरचा माणूस दर महिन्याला चहा प्यायला येतो. विकणाऱ्यांना नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवत नाही. आमच्या चाळीतल्या लोकांनाही संडास घरात हवा होता, त्यात काय चुकलं?

घर पडलं की दरवाजे, खांब, कठडे जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात दिसतात. मी एकदा तिथे टेबल बघायला गेले होते, एका दुकानाबाहेर जिन्याचे कठडे रचून ठेवलेले, कमळाच्या पाकळीची नक्षी, त्यावर हिरव्या रंगाचे चार-पाच थर, खरवडलेल्या जागी खालून सागाचा सोनेरी तपकिरी. टेबल न घेताच परत आले.

आम्ही काही मदत करू शकतो का?

हो. तिथे कोणी घरगुती काही विकत असेल, मसाला, केक, वाइन, तर भाव न करता घ्या. कचरा बॅगेतून परत आणा. तुमच्या स्वतःच्या गावी कौलारू घर असेल आणि पत्रे टाकायचा विचार चालू असेल तर आधी एका जुन्या सुताराला दाखवा, बऱ्याचदा चार वासे आणि शंभर कौलं बदलून भागतं, आणि सिमेंट मारण्याआधी माझ्या आईचा कठडा आठवा. तुमच्याकडे गिरगावचे जुने फोटो असतील तर मागे साल आणि घराचं नाव लिहून ठेवा, आमच्या चाळीचा एकही नीट फोटो आमच्याकडे नाही, सगळ्यांत माणसं आहेत आणि मागे अर्धा खांब.

पावसात गेलं तर?

जा. छत्री लहान न्या, मोठ्या दोन छत्र्या समोरासमोर आल्या तर वाडीत अडकतात. चप्पल रबरी घाला, शेवाळ असतं. जून संपता संपता एखादी जोरदार सर येऊन गेली की लगेच आत शिरा आणि कौलांच्या वळचणीखाली न थांबता गल्लीच्या मधोमध उभे राहा. दोन्ही बाजूंनी पागोळ्या गळत असतात, एका घराच्या सलग सारख्या, म्हणजे कौलं नुकतीच चाळलीत. एखाद्या घराची एकच जाड धार एका जागी पडत असेल तर तिथलं कौल सरकलंय. मागच्या वर्षी मला अशी धार दिसली, ओसरीत एक काकू तांदूळ निवडत बसल्या होत्या, मी बाहेरूनच सांगितलं की काकू, जिन्याच्या वरचं कौल हललंय. त्यांनी ताट बाजूला ठेवलं, बाहेर येऊन वर बघितलं, आणि आत तोंड करून मुलाला हाक मारली, अरे शिडी काढ.